आधी गर्दी, मग बंब

ज्यानं जन्मभर आगीचा बंब चालवला, त्याच्याकडं आगीचे किस्से असतील असं लोकांना वाटतं. पण आगीत सांगण्यासारखं फार काही नसतं. ती लागते, जळते, विझते. किस्से साठतात ते तिच्याभोवती जमलेल्या गर्दीचे. राख दुसऱ्या दिवशी झाडून नेतात, गर्दी मात्र माझ्या डोक्यात मुक्कामाला येते. मग चार मित्र जमले, चहा आला, की एकेक करून बाहेर पडते.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर ड्रायव्हर होतो. कोणती नगरपालिका ते सांगत नाही. यातली बरीच मंडळी हयात आहेत आणि मला भाजी अजून त्याच बाजारातून आणावी लागते.

आमच्या अग्निशमन विभागाचा थाट मोठा होता. एक बंब, एक शिडी आणि तीन माणसं. ड्रायव्हर मी, मुंजाजी. प्रमुख ढोबळे साहेब. साहेब मूळचे जकात नाक्यावरचे. जकात बंद झाली, नाका ओस पडला, तेव्हा यांना कुठं ठेवायचं असा प्रश्न पडला आणि वरच्यांनी त्यांना आमच्याकडं पाठवलं. जुनी सवय काही गेली नाही. कुठल्याही आगीवर पोचले की पहिला प्रश्न ठरलेला, "आत माल काय काय होता?"

तिसरा किसन राठोड, सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. शिडीवर चढायचं, धुरात शिरायचं, विहिरीत उतरायचं, हे सगळं किसनचं काम. म्हणून आमच्यात तो एकटाच रोजंदारीवर. जे बाहेर उभे राहायचे ते कायम, आणि जो आत जायचा तो कच्चा, असा सरळ हिशेब होता. कायम व्हावं एवढी एकच इच्छा त्या माणसानं धरली होती. दरवर्षी अर्ज द्यायचा, दरवर्षी उत्तर यायचं, पुढल्या सभेत बघू. पोरीला बघायला पाहुणे आले आणि "काय करता?" विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "बंबावर हाय." "कायम?" असं विचारलं की पाणी प्यायला उठायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटून कुणी कायम होत नाही.

*

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्हाला आगीची वर्दी एसटीडी बूथवरून यायची. एकदा फोन वाजला.

"आग लागली, लवकर या."

"कुठं?"

"हितंच."

"हितं म्हणजे कुठं, बाबा?"

"अहो, बूथच्या समोरच. मला दिसून राहिली की इथून." आणि ठेवला फोन.

गावात बूथ भरपूर. ढोबळे साहेब तेव्हा आमच्याकडं नवे होते, ते नकाशा मागायला लागले. किसन म्हणाला, "नकाशा कशाला, साहेब? लोकं कुठं पळून राहिले ते बघा."

आम्ही गाडी रस्त्यावर काढली. दुसऱ्या गावांत म्हणे लोक आगीपासून लांब पळतात. आमच्या गावात सायकलवाले, रिक्षावाले, दाढी अर्धी झालेले, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळे एकाच दिशेनं आगीकडं पळत होते. आम्ही त्यांच्या मागं गाडी लावली आणि बरोबर पोचलो. तिथं जागा नव्हती एवढंच. पुढच्या रांगेतला एक जण मागं वळून म्हणाला, "मागून आलेत ना तुमी? मग मागंच ऱ्हावा."

त्यानंतर मी पत्ता विचारणं सोडून दिलं.

*

हट्टा गावाकडं एका उन्हाळ्यात कडब्याची गंज पेटली. आम्ही भोंगा वाजवत गेलो तर गंज जवळजवळ संपलेली होती. पण शेजारी गोठा होता, तो वाचवायचा होता. किसननं पाइप ओढला, मी पंप सुरू केला.

पाणी सुटलं आणि गर्दी फुटली. वाटलं, लोक घाबरून पळाले. पाच मिनिटांत सगळे परत आले. प्रत्येकाच्या हातात हंडा, घागर, बादली. एकानं तर गुळाची कढई आणली होती. किसन गोठ्यावर पाणी मारतोय आणि त्याच्या धारेखाली बायकांनी रांग धरलेली.

एक म्हातारी नोझलला हंडा लावून म्हणाली, "गंज तर गेलीच. आता पाणी काहून वाया घालवता?"

साहेब ओरडले, "आजी, हे पिण्याचं पाणी नाही."

"म्हशीला कुठं म्हाईत हाय?" म्हातारी म्हणाली.

ज्याची गंज जळाली तो मालक कपाळाला हात लावून बसला होता. बायकोनं त्याला ढोसलं, तोही उठला आणि रांगेत उभा राहिला. गोठा वाचला, हे सांगायला हवं. त्या दिवशी आमच्या बंबानं आग थोडी आणि तहान जास्त विझवली.

*

सुरक्षा सप्ताहात प्रात्यक्षिक करायचा आदेश आला. बाजारातल्या चौकात जुने टायर रचायचे, ते पेटवायचे आणि आम्ही ते विझवून दाखवायचे. लोकांना समजलं पाहिजे की पालिका सज्ज आहे.

टायर पेटवले. मी पंपावर हात ठेवला तोच एक नगरसेवक पुढं आले. "थांबा. आधी नारळ फुटू द्या." बंबाला हार घातला, नारळ फोडला, साहेबांना शाल आली. मग नगरसेवक माइकवर आले आणि पालिकेची सज्जता सांगायला लागले. त्यांच्यानंतर दुसरे आले, कारण पहिले बोलले होते. दुसऱ्यांच्या मागं विरोधी पक्षाचे आले, ते सज्जता कशी नाही हे सांगायला.

भाषणं संपली तेव्हा टायर विझलेले होते. तारा तेवढ्या उरल्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "आता काय करायचं?"

किसन म्हणाला, "टाळ्या वाजवा, साहेब. यांनीच विझवली."

*

कनेरगाव नाक्याजवळ, वाशिम रस्त्यावर, डिझेलचा टँकर उलटला. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर जत्रा भरली होती. ढाब्यावरची पातेली, कॅन, चहाची किटली, जे हाताला लागेल ते घेऊन लोक डिझेल भरत होते. दोघंजण बिडी ओढत भरत होते, त्यांना तर मी मनातल्या मनात नमस्कारच घातला.

टँकरचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला. त्याचा पाय दबला होता आणि तो ओरडत होता. किसन एकटा दार ओढून बघत होता, दार हलेना. त्यानं गर्दीला हाक मारली, "अरे, चारजण इकडं या, माणूस मरून राहिला."

एकानं कॅन वर करून दाखवला. "हात रिकामे न्हाईत, भाऊ."

दुसरा म्हणाला, "येऊन राहिलो, एवढं भरू दे."

किसन माझ्याकडं आला. माझ्या कानाशी नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुंजाभाऊ, सोड पाणी. सगळ्या डिझेलमध्ये पाणी जाऊ दे."

सगळे हात थांबले. एक धोतरवाला पळत आला. "अहो राठोड, असं नका करू. माल खराब होईल."

"मग आधी ड्रायव्हर काढा."

कॅन खाली ठेवले गेले. वीस-पंचवीस जण केबिनला भिडले, कुणी पहार आणली, कुणी जॅक आणला. दार उपटून निघालं, ड्रायव्हर बाहेर आला, त्याला ढाब्याच्या बाजेवर निजवलं, कुणी पाणी पाजलं, कुणी पायाला फडकं बांधलं. इतकं नीट आणि इतकं झटपट की मी बघत राहिलो. हीच माणसं, हेच हात. माणुसकी होतीच, फक्त हात रिकामे नव्हते.

मग सगळे परत कॅनकडं वळले. साहेबांनी सवयीनं विचारलं, "गाडीत माल काय होता?"

*

बबन नावाचा एक गडी पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. बायको माहेरी गेली होती, त्याच्या दारूपायी. ती परत आली तर खाली येतो, नाहीतर उडी मारतो, असं त्याचं म्हणणं.

खाली सगळं गाव. भजीवाल्यानं गाडा तिथं आणून लावला. लोक भजी खात वर बघत होते. एस. टी. स्टँडकडून आलेला एकजण पिशवी काखेत धरून ओरडला, "काय ते लवकर ठरव रे, माझी गाडी लागली!" असल्या माणसाला धरून टाकीवर बसवावं असं मला वाटलं.

किसन वर चढला. बबनपासून हातभर अंतर ठेवून बसला. बराच वेळ दोघं काहीतरी बोलत होते, खाली ऐकू येत नव्हतं. साहेब स्पीकरवरून विचारत होते, "किसन, काय परिस्थिती आहे?"

वरून किसनचा आवाज आला, "साहेब, मी बी खाली येत न्हाई. मला कायम करा."

"किसन, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा न्हाई, साहेब. बबनभाऊची बायको आणा आन् माझी ऑर्डर आणा. दोघं संगच उतरतो."

खाली गर्दीचे दोन भाग पडले. निम्मे बायकोच्या बाजूचे, निम्मे ऑर्डरच्या. भजीवाला दोन्हीकडं विकत होता.

किसन नंतर सांगायचा, वर बबननं त्याला विचारलं, "किती वर्सं झाली तुला?" किसननं सांगितलं. बबननं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग उठला, किसनचा दंड धरला आणि म्हणाला, "चल बाबा, उतरू. माझी बायको एखाद्या वेळेस येईल तरी."

त्यानंच किसनला हाताला धरून खाली आणलं. पुढं त्याची बायको आली, दारूही थोडी कमी झाली. ऑर्डर काही आली नाही.

*

आता कापड गल्लीचं ऐका.

बाजाराचा दिवस, भर सकाळ. नामदेव टेलरचं दुकान खाली आणि घर वर. खाली इस्त्रीवरून कपड्यांना आग लागली. नामदेव चहा प्यायला गेला होता. त्याची बायको कमलबाई वर न्हाणीत अंघोळ करत होती.

गल्ली अशी की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरावं लागायचं. प्रत्येक दुकानदारानं आपला ओटा थोडा थोडा पुढं सरकवलेला. बंब तोंडाशीच अडकला. आम्ही पाइप जोडत नेला, शिडी खांद्यावर घेऊन पळालो. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, बाजारासाठी खेड्यांतून आलेली, सगळ्यांच्या माना वर.

जिना पेटला होता. वरच्या घरात धूर भरला होता. बाईंचे कपडे जिन्याकडच्या खोलीत, तिकडं आग. अंगावर फक्त ओला परकर. रस्त्याकडच्या खिडकीच्या कडेला त्यांचा चेहरा तेवढा दिसायचा, खोकायच्या आणि पुन्हा आत व्हायच्या.

किसन शिडीवर चढला. "ताई, या. मी धरतो."

"मी न्हाई येत."

"अवो, घर पेटलंय."

"पेटू दे. समदा बाजार बघून राहिलाय. जळून मरीन, पण अशी येणार न्हाई."

किसन खाली ओरडला, "कापड द्या कुणीतरी."

आणि कापड गल्लीत कापड मिळेना. आगीचं नाव ऐकताच सगळ्या कापडवाल्यांनी ताग्यांवर तागे हातगाड्यांवर लादून पळवले होते, उरलेल्यांनी शटर ओढून कुलपं लावली होती. ज्या गल्लीत पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सेनगावकडच्या गोरेगावपर्यंतचे लोक यायचे, तिथं एका बाईला झाकायला वारभर कापड नव्हतं. मला इतका संताप आला की एखादं शटर लाथेनं फोडावं असं झालं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डोक्याचा पटका सोडला आणि वर दिला. बाईंनी तो घेतला, पुन्हा आत गेल्या, पुन्हा चेहरा दिसला. आवाज रडवेला झाला होता. "मलमल हाय हो ही. ह्याच्यातून समदं दिसतंय."

खिडकीतून आता काळा धूर यायला लागला. साहेब मला म्हणाले, "मुंजाजी, ही बाई जाते आता." माल विचारायचं ते पहिल्यांदाच विसरले.

समोर हाजी चाचांचं बांगड्यांचं दुकान. बांगड्या काही हातगाडीवर घालून पळवता येत नाहीत, म्हणून ते एकटेच उघडे होते. चाचा ओट्यावर उभे राहिले. वय झालेलं, पण आवाज चौकापर्यंत गेला.

"पलट जाव रे सब! तुमारे घर में औरतां नहीं क्या?"

मी जन्मभर गर्दीला मागं सरका, मागं सरका म्हणत आलो. ती कधी वीतभर सरकली नाही. त्या दिवशी आधी चाचा स्वतः वळले. मग त्यांच्या शेजारचा, मग चहावाला, मग तो म्हातारा शेतकरी. बघता बघता चौकापर्यंत सगळी गल्ली पाठमोरी झाली. बायांनी पोरांची तोंडं पदरात घेतली. शिडी धरून मीही मान खाली घातली आणि माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

पंपाचा घरघराट तेवढा आणि वरून बाईंचा बारीक आवाज. त्या काहीतरी म्हणत होत्या, पंपामुळं शब्द कळत नव्हते. शिडी हलायला लागली. माझ्या हातांना एकेक पायरी समजत होती. मग जमिनीवर पाय टेकले. चाचांची बायको बुरखा घेऊन धावत आली, कमलबाईंना त्यात गुंडाळलं आणि दुकानात नेलं.

तेवढ्यात नामदेव टेलर गर्दीतून वाट काढत आला. घर बघून त्यानं हंबरडा फोडला. दुकानात बुरख्यातली बाई दिसली, तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, "भाभी, माझी कमल कुठं गेली हो?"

बुरख्यातून आवाज आला, "हितंच हाय की. तुमचा चहा झाला का?"

*

साहेबांनी मनावर घेतलं. किसनला कायम करायचं तर हीच वेळ, असं म्हणून त्यांनी वरपर्यंत लिहिलं. उत्तरही आलं. असामान्य कामगिरी सिद्ध झाली तर विचार करू, मात्र दोन त्रयस्थ माणसांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली असावी. ज्या बाईला वाचवलं तिची साक्ष चालणार नाही, ती त्रयस्थ नाही. म्हणजे कमलबाई आपल्या मरणालाही त्रयस्थ असत्या तर काम झालं असतं!

आम्हाला हसू आलं. साक्षीदार ही काय आमच्या गावात अडचण आहे? एरवी रस्त्यात दोन बैल भिडले तरी "म्या सोता डोळ्यानं बघितलं" म्हणणारे शंभर निघतात, त्यातले निम्मे त्या दिवशी परभणीला गेलेले असतात. किसननं नवा सदरा घातला. बायकोनं तांड्यावर सांगूनही टाकलं होतं.

जिल्ह्याहून चौकशीला एक साहेब आले. माणूस चांगला होता, काम करून द्यायच्या मनानं आला होता. कापड गल्लीतच हाजी चाचांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला.

चहावाल्याला विचारलं, "राठोडनं त्या बाईला शिडीवरून खाली आणलं, तुम्ही पाहिलं?"

"न्हाई, साहेब."

"तुम्ही तिथंच होता ना?"

"तिथंच होतो. पण पाहिलं म्हणलं तर उद्या गल्लीत तोंड कुठं दाखवू?"

दुसरा आला, तिसरा आला. साहेबांनी अख्खी गल्ली विचारून काढली. सगळे होते आणि कुणी पाहिलं नव्हतं. पटका देणारा म्हातारा त्या दिवशी बाजाराला आलेला सापडला, तो म्हणाला, "माझा पटका त्येवढा वर जाताना पाहिला." हाजी चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "मैं बोला पलट जाव, और मैं ही देखूँ?"

चौकशीचे साहेब माझ्यावर घसरले. "अहो, तुम्ही तर शिडी धरली होती. तुम्ही काय बघत होता?"

"माझी चप्पल, साहेब."

ढोबळे साहेबांनी कपाळ चोळलं. किसन कोपऱ्यात नव्या सदऱ्यात उभा होता, त्याच्याकडं माझ्यानं बघवेना. इतकी वर्षं खोटी साक्ष द्यायला धावणारं गाव, आज खरी द्यायला एक माणूस मिळेना.

शेवटी चौकशीच्या साहेबांनी किसनलाच जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ राठोड, तू स्वतः सांग. वर काय पाहिलंस, बाईला कसं धरलंस, कसं उतरवलंस. तुझ्या तोंडून नीट आलं तर बाकीचं मी सांभाळून घेतो."

ढोबळे साहेब मागून हातानं खुणा करत होते, बोल, बोल.

किसननं सगळ्या गल्लीकडं एकदा बघितलं. समोरच्या जळक्या घराच्या दारात कमलबाई उभ्या होत्या.

"मी काय सांगू, साहेब?" तो म्हणाला. "माझे बी डोळे मिटलेले होते."

"डोळे मिटून शिडी उतरलास?"

"व्हय."

"बाईला घेऊन? ते कसं काय?"

"पायऱ्या ताई सांगत होत्या."